विमान लेट झालं की तास मोजा: विमानतळावर काय मागायचं, कधी ठरवायचं

दोन, सहा आणि चोवीस. देशांतर्गत विमान लेट झालं की हे तीन आकडे डोक्यात ठेवा. दोन तासांच्या पुढे खाण्यापिण्याची सोय, सहाच्या पुढे दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, चोवीसच्या पुढे हॉटेल. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, विमान कंपन्यांना घालून दिलेल्या नियमांचा हा गाभा आहे. त्याला पोटनियम आणि अपवाद आहेत, ते पुढे येतील. पण गेटवर ताटकळणाऱ्या बहुतेकांना एवढंही माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांतलेही अनेक जण उठून विचारत नाहीत. आपल्या घरातली वडीलधारी माणसं तर "सगळ्यांचं होईल ते आपलं" म्हणत पाच-पाच तास काही न खाता बसून राहतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आणि त्यांची तिकिटं काढून देणाऱ्या मुलामुलींसाठी आहे.

उदाहरण म्हणून हिवाळ्यातलं पुणे–दिल्ली किंवा मुंबई–दिल्ली विमान समोर ठेवू, कारण उशिराचे जवळजवळ सगळे प्रकार या एका प्रवासात भेटतात.

तिकीट काढताना

दिवसाचं पहिलं विमान घ्यावं, हा सल्ला एरवी अगदी बरोबर आहे. एकच विमान दिवसभरात पाच-सहा फेऱ्या मारतं. सकाळी कुठेतरी पाऊण तास गेला की तो पुढच्या प्रत्येक फेरीत वाढत जातो आणि रात्रीच्या प्रवाशांना तीन तासांचा उशीर भोगावा लागतो. पहाटेचं विमान बहुधा रात्रीच येऊन उभं असतं, त्यामुळे ते वेळेवर सुटण्याची शक्यता जास्त.

दिल्लीच्या हिवाळ्यात मात्र हा हिशेब उलटतो. मध्य डिसेंबर ते जानेवारीअखेर धुकं सर्वांत दाट असतं ते मध्यरात्रीनंतर सकाळी नऊ-दहापर्यंत. अशा दिवसांत दुपारी बारा ते चारच्या दरम्यान दिल्लीत उतरणारं विमान निवडा. हजार-दीड हजार रुपये जास्त पडले तरी घ्या, विशेषतः बरोबर म्हातारी माणसं किंवा तान्हं मूल असेल तर.

तिकिटावर कोणाचा मोबाइल नंबर आहे, हे नक्की तपासा. एजंटाकडून किंवा ऑफिसमधून तिकीट काढलं की बरेचदा त्यांचाच नंबर टाकलेला असतो. मग विमान तीन तास पुढे गेल्याचा एसएमएस एजंटाला पोचतो आणि आईबाबा पहाटे तीनला घरातून निघतात. प्रवास करणाऱ्याचा स्वतःचा नंबर नसेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावर पीएनआर टाकून तो बदलता येतो.

पुढे परदेशी जाणारं विमान असेल, तर दोन्ही प्रवास शक्यतो एकाच पीएनआरवर घ्या. पुणे–दिल्ली वेगळ्या तिकिटावर आणि दिल्ली–फ्रँकफर्ट वेगळ्या, असं असेल तर पहिलं विमान लेट झाल्याने दुसरं चुकल्याची जबाबदारी कोणी घेत नाही. एकाच पीएनआरवर असेल, तर पुढच्या विमानात जागा करून देणं कंपनीला भाग असतं. वेगळी तिकिटं टाळता आली नाहीत तर हिवाळ्यात एक रात्र आधी दिल्ली गाठा.

हातातली पिशवी

औषधं नेहमी हातातल्या पिशवीत असू द्या, आणि ती प्रवासापुरती मोजून न घेता निदान दोन दिवसांची घ्या. मधुमेह असलेल्या माणसाचं जेवण विमानाच्या वेळेवर सोडायचं नसतं. इन्सुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी एकत्र ठेवा. एक जोड कपडे, चष्मा, चार्जर हेही हातातच असावं. डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात, वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर पुरेशी तयारी नसल्याने, इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. तेव्हा विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले होते आणि अनेकांची औषधं त्या ढिगात अडकली होती.

घरचं कोरडं खाणं सिक्युरिटीतून जातं. दशम्या, धपाटे, थेपले, लाडू, चिवडा, कोरडी चटणी बिनधास्त न्या. तेल सुटणारं लोणचं, दही, पातळ भाजी यावरून अडवतात. स्टीलची बाटली रिकामी न्या आणि सिक्युरिटीनंतर पाण्याच्या नळावर भरून घ्या. विमानतळावरचा महागडा चहा परवडत नसेल तर 'उडान यात्री कॅफे' आहे का ते विचारा. डिसेंबर २०२४मध्ये कोलकात्यात पहिला सुरू झाला, दहा रुपयांत चहा आणि वीस रुपयांत सामोसा. पुण्याच्या विमानतळावरही तो आहे.

पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, ती हातातच लागते. २०,००० एमएएचपर्यंतची चालते. टर्मिनलमध्ये वापरा, विमानात नको.

आईबाबा एकटे जात असतील तर एका कागदावर मोठ्या अक्षरांत पीएनआर, विमानाचा क्रमांक, टर्मिनल आणि तुमचा नंबर लिहून द्या. फोनची बॅटरी संपली की हाच कागद उपयोगी पडतो. गुडघ्यांचा त्रास असेल तर व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा. लेट झालेल्या विमानाचं गेट बदलतं तेव्हा दिल्लीच्या टर्मिनल तीनमधली ती पायपीट तरुणांनाही दमवते.

घरून निघण्याआधी विमान कुठे आहे ते बघा

कंपनीचा एसएमएस येण्याच्या तासभर आधीच तुम्हाला उशीर कळू शकतो. फ्लाइटरडार२४ हे अ‍ॅप किंवा संकेतस्थळ उघडा आणि तुमच्या विमानाचा क्रमांक टाका. ठरलेल्या विमानाचा नोंदणी क्रमांक दिसू लागतो. भारतीय विमानांचा तो 'व्हीटी'ने सुरू होतो. त्यावर बोट ठेवलं की ते विमान सध्या कुठे आहे ते कळतं. तुमचं पुण्याहून सुटायचं आहे साडेसातला आणि सहा वाजता ते विमान दिल्लीतच उभं आहे, तर पुढचं गणित सोपं आहे: दोन तासांहून जास्त यायला, वर पाऊणएक तास प्रवासी उतरवून, सफाई करून, इंधन भरून निघायला. साडेसातला ते सुटणार नाही.

तरीही विमानतळावर मूळ वेळेनुसारच पोचा. कंपनी ऐनवेळी दुसरं विमान लावू शकते, आणि मग जाहीर केलेला उशीर कमीही होतो. देशांतर्गत प्रवासाचा चेक-इन काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो आणि गेट पंचवीस मिनिटं आधी. नियमांमधल्या सोयीही वेळेत चेक-इन केलेल्यांनाच मिळतात. "लेटच आहे ना" म्हणून उशिरा पोचलेल्या माणसाकडे मग मागायला काही उरत नाही. अपवाद एकच: कंपनीने लेखी कळवलं की नवी वेळ अमुक आणि हजर राहायची वेळही अमुक. तो मेसेज जपून ठेवून त्याप्रमाणे निघा.

उशीर कशामुळे, हे स्वतः ओळखा

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण तुम्हाला काय मिळणार हे बऱ्याच अंशी कारणावर ठरतं आणि काउंटरवर उत्तर मिळतं ते "ऑपरेशनल रीझन". त्यातून काहीच कळत नाही.

टर्मिनलमधल्या फलकासमोर पाच मिनिटं उभे राहा. सगळ्या कंपन्यांची दिल्लीची विमानं लेट असतील तर कारण दिल्लीत आहे: धुकं किंवा हवाई वाहतुकीची कोंडी. बाकीची दिल्लीला जात आहेत आणि तुमचंच थांबलंय, तर अडचण बहुधा विमानात किंवा कर्मचाऱ्यांत आहे. फलकाचा फोटो काढा, वेळ दिसेल असा. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हा फोटो मोठा पुरावा ठरतो.

धुक्याची गंमत नाही, तिथे सुरक्षेचा प्रश्न असतो. दिल्लीला कॅट-थ्री यंत्रणा आहे, तिच्या आधारे अगदी ५० मीटर दृश्यमानतेतही विमान उतरू शकतं. पण त्यासाठी विमान तसं सज्ज हवं आणि वैमानिकांचं तसं प्रशिक्षण झालेलं हवं. शिवाय उड्डाणाला उतरण्यापेक्षा जास्त, साधारण १२५ मीटर दृश्यमानता लागते. त्यामुळे दिल्लीत विमानं उतरत राहतात, निघू शकत नाहीत, उभं राहायची जागा भरते, आणि मग पुण्यातलं विमान पुण्यातच रोखून धरलं जातं. पुण्यात लख्ख ऊन असताना धुक्याचं कारण सांगतात तेव्हा प्रवासी चिडतात, पण ते खरं असू शकतं. मुंबईची गोष्ट निराळी. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. पावसाच्या एका जोरदार सरीने लागलेली विमानांची रांग सुटायला बराच वेळ जातो.

तिसरं कारण कर्मचाऱ्यांच्या कामाच्या तासांचं. वैमानिकांना सलग किती वेळ कामावर राहता येतं याला कायद्याने मर्यादा आहे. रात्रीचं विमान रखडत गेलं की ती मर्यादा संपते आणि बदली वैमानिक नसेल तर विमान रद्द होतं. म्हणून रात्री दहानंतर उशीर तीन तासांपलीकडे गेला की गेटवर सरळ विचारा, "क्रूची ड्यूटी किती वाजेपर्यंत आहे?" उत्तर गुळमुळीत आलं तर दुसऱ्या पर्यायाची तयारी तिथूनच सुरू करा.

एक सावधगिरी: मुंबईसह अनेक विमानतळ आता 'सायलेंट' आहेत, म्हणजे सगळीकडे ऐकू जाणाऱ्या घोषणा होत नाहीत. खुर्चीत डुलकी लागली आणि गेट बदललं, तर कोणी हाक मारणार नाही. आळीपाळीने जागे राहा आणि दर वीस मिनिटांनी फलक बघा.

दोन तास: खाणं मागा

अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर वाट पाहण्याच्या वेळेच्या प्रमाणात खाणंपिणं द्यायचं असतं. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ही मर्यादा तीन तासांची, त्याहून लांबच्याला चार तासांची. पुणे–दिल्ली, मुंबई–दिल्ली, मुंबई–नागपूर ही सगळी पहिल्या गटात येतात. नोव्हेंबर २०२४मध्ये सरकारने कंपन्यांना याची आणखी फोड करून दिली: दोन तासांपर्यंत पाणी, दोन ते चार तासांत चहा-कॉफी आणि नाश्ता, चारच्या पुढे जेवण.

गेटवर जाऊन शांतपणे म्हणायचं, "डिले किती तासांचा धरलाय? रिफ्रेशमेंट कुठे देताय?" दुसरा प्रश्न असाच विचारा. देणार आहात का, असं विचारलं की 'नाही' म्हणणं सोपं जातं. हवामानामुळे झालेल्या उशिरात नियम कंपनीला सूट देतो. तरी व्यवहारात धुक्यातही अनेकदा कूपन किंवा खाण्याचं पाकीट मिळतं, म्हणून मागायचं. शेजारी एखादे आजोबा बसले असतील तर त्यांच्यासाठीही आणा. साखर-रक्तदाबाची गोळी घेऊन उपाशी बसलेला माणूस चक्कर येऊन पडला, तर तिथे कोणतं कूपन उपयोगाचं नाही. कोणाला बरं वाटेनासं झालं तर गेटवरच्या कर्मचाऱ्याला वैद्यकीय मदत बोलवायला सांगा; मोठ्या विमानतळांवर डॉक्टर असतात.

नुसत्या उशिरासाठी रोख भरपाई भारतीय नियमांत नाही, हेही माहीत असू द्या. त्यावरून काउंटरवर भांडणारा माणूस खऱ्या हक्काच्या गोष्टीही गमावून बसतो.

सहा तास: ठरवायची वेळ

उशीर सहा तासांपेक्षा जास्त असणार असेल तर सहा तासांच्या आतलं दुसरं विमान किंवा तिकिटाचे पूर्ण पैसे, यांपैकी काय हवं ते प्रवाशाने निवडायचं असतं. नियमाप्रमाणे अशी नवी वेळ २४ तास आधी कळवायची. प्रत्यक्षात ती गेटवर अर्ध्या-अर्ध्या तासाने सरकत जाते.

इथे एक गोष्ट अजिबात करू नका: वैतागून अ‍ॅपवर स्वतःच तिकीट रद्द करू नका. तसं केलं की तिकीट तुम्ही स्वतःहून रद्द केलं असं धरलं जातं आणि कापून उरलेले पैसे येतात. कंपनीने पाठवलेल्या मेसेजमध्ये वेळ बदलण्याची किंवा रिफंडची लिंक असते, तिथूनच करा, किंवा काउंटरवर लेखी करून घ्या. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. खोटे नंबर टाकून लुबाडणारे अशाच वेळी टपलेले असतात. नंबर तिकिटावरून किंवा अ‍ॅपमधूनच घ्या. घरी बसलेल्या मुलाला फोनवर कंपनीशी बोलायला लावा आणि तुम्ही रांगेत उभे राहा. दोन्ही बाजूंनी प्रयत्न झाला की जागा लवकर मिळते.

थांबायचं की दुसऱ्या वाटेने जायचं? माझं मत असं की मुंबई–गोवा किंवा मुंबई–नागपूर असेल तर सहा तासांची वाट बघू नये. मुंबई–मडगाव वंदे भारत २०२३पासून आहे, आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५पासून पूर्ण खुला आहे. दिल्लीला मात्र धुक्यात थांबलेलं बरं, कारण त्याच धुक्यात रेल्वेही रखडते. परत फिरायचं ठरलं, तर सिक्युरिटीतून बाहेर पडायला कंपनीचा माणूस सोबत लागतो आणि नोंद होते. चेक-इन केलेली बॅग उतरवून घ्यायला तासभर सहज जातो.

रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांपेक्षा जास्त लेट होणार असेल, तर नेण्या-आणण्यासह हॉटेल द्यायचं असतं. इतर वेळच्या विमानांना हीच सोय चोवीस तासांच्या पुढे. पहाटेपर्यंत खुर्चीत अवघडून बसण्याआधी वेळापत्रकातली मूळ वेळ बघा आणि विचारा.

विमानात बसवून ठेवलं तर

दारं बंद होऊन दोन-दोन तास धावपट्टीपाशी अडकून राहणं सर्वांत त्रासाचं. जानेवारी २०२४मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेलं विमान धुक्यामुळे मुंबईला वळवलं गेलं आणि वैतागलेले प्रवासी विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवले. त्या प्रकरणी विमान कंपनीला आणि मुंबई विमानतळाला दंड झाला. त्याच वर्षी, बोर्डिंगनंतर फार उशीर झाला तर प्रवाशांना पुन्हा टर्मिनलमध्ये सोडता यावं अशी सूचना निघाली. असं अडकलात तर पाणी मागा, स्वच्छतागृह वापरू द्यायला सांगा, आणि "डीबोर्डिंग करणार आहात का?" असं स्पष्ट विचारा. स्वतःहून उतरायचा हट्ट मात्र धरू नका. एक माणूस उतरला तरी त्याची बॅग शोधून काढावी लागते आणि सगळ्यांचाच खोळंबा वाढतो.

रद्द झालं तर

पूर्ण पैसे किंवा दुसरं विमान, हा हक्क कारण काहीही असलं तरी राहतो. त्यावर भरपाई मिळते ती कंपनीने नियमात ठरलेल्या मुदतीत कळवलं नसेल आणि कारण तिच्या हातातलं असेल तरच. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५००, त्याहून मोठ्याला १०,०००. किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांपैकी कमी असेल ते. धुकं, वादळ, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षेचा धोका ही कारणं यातून वगळली आहेत. फलकाचा तो फोटो इथे कामाला येतो. एजंटाकडून तिकीट घेतलं असलं तरी पैसे परत करण्याची जबाबदारी विमान कंपनीचीच असते.

मुलांकडे युरोपात जाऊन परतणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या, अगदी भारतीय कंपनीच्याही विमानाला तिथला कायदा लागू होतो. भारताएवढ्या अंतरावर चार तासांपेक्षा उशिरा पोचलात आणि कारण कंपनीच्या हातातलं होतं, तर माणशी ६०० युरो मिळू शकतात. इकडून जाताना हा कायदा लागतो तो फक्त युरोपीय कंपनीच्या विमानाला.

घरी पोचल्यावर

बोर्डिंग पास, बॅगेचं चिकटपत्र, सगळे मेसेज, खाण्याची आणि टॅक्सीची बिलं एका ठिकाणी ठेवा. प्रवास विमा असेल तर विमानतळ सोडण्याआधीच काउंटरवरून विलंबाचं प्रमाणपत्र मागून घ्या. नंतर ते मिळवताना दमछाक होते. बॅग आली नसेल तर तिथल्या तिथे पीआयआर, म्हणजे बॅग न मिळाल्याची नोंद करणारा अर्ज, भरल्याशिवाय बाहेर पडू नका.

तक्रार आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, ईमेलने. त्यात राग व्यक्त करण्यात जागा घालवू नका: पीएनआर, ठरलेली वेळ, सुटलेली वेळ, काय मागितलं, काय नाकारलं आणि आता किती रुपये हवेत, एवढं पुरतं. उत्तर आलं नाही तर हवाई वाहतूक मंत्रालयाच्या 'एअरसेवा' संकेतस्थळावर तीच तक्रार टाका. तिथेही भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे दावा आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येतो. विमान दिल्लीत रद्द झालं असलं तरी साताऱ्याच्या माणसाला साताऱ्यात. तिकिटासाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.